जात्याचा आवाज किती दाबावा?

आवाज दाबणे म्हणजे काय, हे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांस सांगावयास नको. आज मात्र तो शब्द निराळ्या अर्थाने घ्यावयाचा आहे. ध्वनिमुद्रण संगणकात साठविताना ते दाबून लहान करतात. ते कसे व किती दाबावे, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न मुळशीच्या दाराशी आलेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून जमविल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या तालुक्यातील कोळवडे, नांदगाव येथील बायांचे गळे त्यांत आहेत. पुढे पिठाच्या गिरण्यांनी जाती थांबविली. ते गाणे पुन्हा मुद्रित करू म्हटले, तर व्हावयाचे नाही.

सीडीच्या पद्धतीत आवाजाचे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. दोन वाहिन्यांचे एक मिनिट सुमारे १० मेगाबाइट भरते. शंभर तासांचे ६३ गिगाबाइट. हा आकार कमी करण्याच्या वाटा दोनच. एक, लुगड्याची घडी घालावी तशी: उलगडले की सूतन् सूत जागेवर. २००१ साली आलेला फ्लॅक हा प्रकार असा आहे. आकार साधारण निम्म्यावर येतो आणि हरवत काहीच नाही. दुसरी वाट पीठ चाळण्याची. मोठ्या आवाजाजवळचा बारीक आवाज कानाला कळत नाही, म्हणून यंत्र तो कोंडा समजून टाकून देते. एमपी-३ ची सारी करामत ही.

पण कोंडा कोणता, हे यंत्र ठरविते! जात्याची घरघर एका सुरात नसते, सर्व उंचींवर पसरलेली असते. तिला पुरेसे बिट मिळाले नाहीत तर ती पाण्याच्या गुळगुळीसारखी ऐकू येते. आमच्या मते ती घरघर ओवीइतकीच मोलाची. बाई श्रम करीत गात होती, याची साक्ष तीच देते.

म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी. ऐकण्यासाठी तिच्यावरून दुसरी काढावी: एमपी-३ असेल तर बदलत्या गतीची, सरासरी सेकंदाला १९० किलोबिटांच्या आसपास, २०१२ साली प्रमाण ठरलेला ओपस असेल तर ९६ सुद्धा बहुधा पुरतात. एकाच ध्वनिग्राहकावरचे गाणे एका वाहिनीत ठेवावे, बिट वाया जात नाहीत. चाळलेल्यावरून पुन्हा चाळू नये. ६४ किलोबिटांची प्रत ३२० ची केली, तर जागा तेवढी जास्त लागते, टाकलेला कोंडा परत येत नाही. भ्रमणध्वनीवरून पाठवावयाचे तर आवाजी निरोप म्हणून नव्हे, दस्तऐवज म्हणून पाठवावे.

किती दाबलेले चालते, हे आकड्यांवरून ठरवू नका. दोन्ही प्रती सारख्याच मोठ्याने, कोणती कोणती ते न सांगता, दुसऱ्याकडून दहा वेळा वाजवून घ्या. किंचित मोठी वाजणारी नेहमी चांगली वाटते, हे ध्यानात असू द्या. आणि ऐकावयास एखादी शाळकरी पोर जवळ बसवा. पन्नाशीनंतर आमच्या कानांना वरचे सूर पोचत नाहीत.