गाणारा तबला

पाश्चात्त्यांना तबला कोणी ऐकविला, असे विचारले की बेळगाव-निपाणीकडचा रसिक अल्लारखाँ, झाकीर हुसेन ही नावे घेतो. शेजारच्या हुबळीचे विष्णुदास शिराळी त्याला आठवत नाहीत. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य उदय शंकरांच्या नृत्यसंचाबरोबर युरोप-अमेरिकेत हिंडले. १९३७ साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने त्यांच्या तबलातरंगाची ध्वनिमुद्रिका काढली. निरनिराळ्या सुरांत लावलेल्या तबल्यांवर शिराळी चक्क राग वाजवीत. जाणकार याला खुशाल करमणूक म्हणोत! शाईमुळे तबल्याला नेमका सूर मिळतो, हे केवळ ठोका ऐकणाऱ्या कानांना दुसरे कोण इतक्या सहज पटविणार? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात चतुरलालांनी अली अकबरांना साथ केली, ती त्यानंतर अठरा वर्षांनी, १९५५ साली.