समासातला शेरा

नाटकावरचा निबंध तपासणे हे कवितेवरचा निबंध तपासण्याहून अवघड काम आहे. कविता सगळीच्या सगळी कागदावर असते. नाटकाचे तसे नाही; अर्धे पुस्तकात, अर्धे रंगभूमीवर. आमच्या गोरेगावच्या मुलांना पार्ल्याचे दीनानाथ किंवा बोरिवलीचे ठाकरे नाट्यगृह काही लांब नाही, तरी वर्गातल्या पुष्कळांनी नेमलेले नाटक प्रत्यक्ष पाहिलेले नसते. ती ते कादंबरीसारखे वाचतात आणि निबंधात त्याची गोष्ट सांगतात. मग आम्ही मास्तर लोक समासात लिहितो, ‘कथानक नको, विवेचन हवे.’ शेरा खरा आहे हो, पण विवेचन म्हणजे काय हे ठाऊक असते, तर त्या पोराने ते केले नसते का?

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घ्या. या नाटकावर दहांतले आठ निबंध एकाच वाक्याकडे येऊन थांबतात: लेखकाने दारूचे दुष्परिणाम दाखवले आहेत. आता हे चूक म्हणावे तर म्हणता येत नाही. तळीराम हे नाव मराठीत दारुड्याला सामान्यनाम होऊन बसले, इतकी त्या नाटकाची छाप. पण एवढेच सांगायचे तर पाच अंक कशाला हवेत, एक भित्तिपत्रक पुरले असते! अशा ठिकाणी ‘वरवरचे’ असा शेरा मारण्यापेक्षा मी प्रश्न लिहितो: ‘सुधाकर प्याला म्हणून बिघडला, की आधी काही बिघडले होते म्हणून प्याला? पहिला पेला हाती येण्यापूर्वीचे प्रवेश पुन्हा वाच.’ मुलगा परत पुस्तक उघडतो. कोर्टातला अपमान, सनदेवर आलेली गदा, स्वतःच्या बुद्धीचा तो ताठा, हे सारे त्याला दिसते. तो काय उत्तर काढतो ते त्याच्यावर सोडावे. शेऱ्याने त्याला योग्य पानापर्यंत नेले की शेऱ्याचे काम झाले.

चुका मात्र दोन जातींच्या असतात, त्यांची गल्लत करू नये. एकाने लिहिले, गडकऱ्यांनी या नाटकात सुरेख पदे रचली आहेत. इथे प्रश्न विचारून कोड्यात टाकण्यात अर्थ नाही. नीट सांगून टाकावे, की गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, नाटक रंगभूमीवर त्यांच्या मागून त्याच वर्षी आले, आणि पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. माहितीची चूक एका ओळीत दुरुस्त होते. मताचे तसे नाही.

मताचे एक उदाहरण सांगतो. एका मुलीने लिहिले होते, ‘सिंधू मरताना नवऱ्याला पाठीशी घालते, पण त्यामुळे सुधाकर वाचत नाही, तो आणखी एकटा पडतो.’ पुढे आधार काहीच नव्हता. लगेच ‘आदर्श पतिव्रता’ हा ठरलेला परिच्छेद सुरू. तो बहुधा गाईडातून आलेला. माझे स्वतःचे मत तिच्यासारखे नाही. पण सबंध निबंधात तिचे स्वतःचे असे ते एकच वाक्य होते, आणि त्याच्यावर लाल फुली पडली असती तर पुढच्या खेपेला ते एकही आले नसते. मी लिहिले: ‘हे तुझे वाक्य निबंधातले सर्वांत चांगले. खालच्या परिच्छेदाशी ते भांडते आहे. दोन्हींपैकी तुला कोणते पटते? सिंधूच्या जबानीनंतर सुधाकर काय करतो, ते बघ.’ आठवड्याने निबंध पुन्हा आला. विषाच्या पेल्यापर्यंत ती गेली होती आणि आदर्श पतिव्रतेचा परिच्छेद तिने आपणहून काढून टाकला होता. भाषा अजून अडखळत होती. शुद्धलेखनाच्या चुकाही होत्याच, त्या मी मागच्या पानावर एकत्र लिहून दिल्या. पानभर लाल शाई सांडली की विचारावरचा शेरा त्यात बुडून जातो.

स्तुतीदेखील नेमकी हवी. ‘छान’ वाचून मुलाला आनंद होतो, पण पुन्हा काय करायचे ते कळत नाही.

नाटकाच्या निबंधात आणखी एक प्रश्न हटकून विचारावा: हे रंगमंचावर कसे दिसते? तेंडुलकरांच्या १९६७च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर लिहिताना बहुतेक मुले म्हणतात, बेणारेबाई अखेर सर्वांना आपली बाजू सांगते. तिथे मी ‘सर्वांना’ या शब्दाखाली रेघ ओढतो आणि पुढे लिहितो, ‘या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रे काय करतात? रंगसूचना वाच.’ ती पात्रे गोठल्यासारखी निश्चल असतात. ती बोलते, पण त्या कोर्टात ते कोणी ऐकत नाही. ऐकतो आपण, प्रेक्षक. मुलाला हे उमगले म्हणजे तो नाटक वाचायला शिकला.

यावर सहकारी विचारतात, ‘साठ वह्या समोर असताना एवढे लिहायला वेळ कुठला?’ वेळ नसतोच. म्हणून एका निबंधावर तीनच शेरे लिहावेत: एक जमले त्यावर, एक मुख्य प्रश्न, आणि एक पुढच्या मसुद्यासाठी काम. गुण पहिल्या दिवशी वहीवर घालू नयेत. आकडा दिसला की मूल शेजाऱ्याचा आकडा पाहते नि वही मिटते. मी गुण दुसऱ्या तासाला सांगतो. तोपर्यंत वहीत वाचायला शेऱ्याशिवाय दुसरे काही नसते.