न्यू यॉर्कच्या आकाशातला मोकळा पट्टा

केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क हे तीन मोठे विमानतळ एकाच महानगरात, शिवाय खासगी जेट विमानांचे टिटरबरो वेगळेच. एवढ्या गर्दीत चार आसनी विमान घेऊन निघालेल्या हौशी वैमानिकाला जागा कुठून मिळणार? ती मिळते, आणि तीही मॅनहॅटनला खेटून वाहणाऱ्या हडसन नदीवर. तिथे नियंत्रकाची परवानगीही लागत नाही.

उलटी उतरंड

अमेरिकेत सर्वांत वर्दळीच्या विमानतळांभोवतीच्या हवाई हद्दीला ‘क्लास बी’ म्हणतात. तिचा आकार उलट्या रचलेल्या उतरंडीसारखा असतो: जमिनीलगत अरुंद आणि वर जावे तसा रुंद. आत शिरायचे तर नियंत्रकाने स्पष्ट शब्दांत परवानगी द्यावी लागते. हडसनवर मात्र या हद्दीचा तळ उंच ठेवला आहे. त्याखाली वैमानिकांनी आपल्या डोळ्यांनी बघायचे आणि एकमेकांना चुकवायचे. पर्यटकांना फिरवणारी हेलिकॉप्टर आणि नुसती पार होणारी छोटी विमाने, सगळी त्याच पट्ट्यात.

८ ऑगस्ट २००९

त्या दिवशी टिटरबरोहून निघालेले एक पायपर विमान आणि सहलीचे हेलिकॉप्टर सुमारे ११०० फुटांवर एकमेकांवर आदळले. नऊ जण गेले, त्यात पाच इटालियन पर्यटक होते. (त्याच वर्षी जानेवारीत याच नदीत एअरबस उतरली आणि तिच्यातले सगळे १५५ जण वाचले. ती घटना जगाच्या लक्षात राहिली, ऑगस्टमधली फारशी कुणाला आठवत नाही.)

चौकशीत चुका बऱ्याच निघाल्या. टिटरबरोचा नियंत्रक फोनवर कामाशी संबंध नसलेल्या गप्पा मारत होता. वैमानिकाने पुढची फ्रीक्वेन्सी चुकीची उच्चारली, ती कुणी दुरुस्त केली नाही. दोन्ही यानांत आसपासची वाहतूक दाखवणारी यंत्रणा होती, पण तिचा नीट उपयोग झाला नाही. तरी मुळाशी होती ती डोळ्यांची मर्यादा. ज्या यानाशी टक्कर व्हायची असते ते काचेतून पाहताना सरकत नाही, एकाच जागी राहते, आणि न हलणारा ठिपका चटकन नजरेत भरत नाही. त्यातून पाठीमागे मॅनहॅटनच्या इमारतींची दाटी.

मजले पाडले

पट्टाच बंद करा, अशी मागणी झाली. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने, म्हणजे एफएएने, ती मानली नाही आणि १९ नोव्हेंबर २००९ पासून नवे नियम लागू केले. पट्ट्याची कमाल उंची १३०० फूट ठरली. नदीवर घिरट्या घालणाऱ्यांनी १००० फुटांखाली राहायचे, फक्त पार होणाऱ्यांनी १००० ते १३०० च्या दरम्यान. वेग १४० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर. दिवे चालू ठेवायचे. उजवा काठ धरायचा: दक्षिणेकडे जाताना न्यू जर्सीची बाजू, उत्तरेकडे जाताना मॅनहॅटनची. जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड जहाज, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा अशा ठरावीक खुणांवर १२३.०५ फ्रीक्वेन्सीवरून विमानाचा प्रकार, जागा, दिशा आणि उंची बोलून सांगायची.

यातला सर्वांत मोलाचा नियम, माझ्या मते, उंचीचा. हवेत चढत निघालेले सहलीचे हेलिकॉप्टर आणि सरळ जाणारे विमान यांची गाठ एकाच पातळीवर पडण्याचे प्रसंगच त्यामुळे कमी होतात. बाकीचे नियम वैमानिकाच्या दक्षतेवर उभे आहेत. हे सगळे नको असेल, तर नियंत्रकाची परवानगी घेऊन पट्ट्याच्या वरून जाण्याचा ‘स्कायलाइन’ मार्गही आहे.

डोळ्यांना यंत्राची जोड

पुढचा टप्पा ‘एडीएस-बी’चा. विमान जीपीएसवरून आपली जागा ओळखते आणि साधारण दर सेकंदाला ती आपणहून प्रसारित करते. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत क्लास बी हद्दीत आणि मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या घेरात ही यंत्रणा सक्तीची आहे. छोट्या विमानांच्या मालकांना खर्च जड जाईल हे ओळखून एफएएने काही काळ ५०० डॉलरची सूटही दिली. इतरांचे संदेश घेणारा भाग मात्र ऐच्छिक आहे. तो बसवला की आसपासची विमाने आणि हवामान वैमानिकाला पडद्यावर दिसते, तेही वर्गणीशिवाय. खासगी वैमानिकाला या आधुनिकीकरणातून मिळालेली खरी कमाई हीच.

वॉशिंग्टनचा धडा

यंत्र बसवले म्हणून आखणीतली चूक भरून निघत नाही. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर लष्करी हेलिकॉप्टर आणि उतरणारे प्रवासी विमान धडकून ६७ जण मरण पावले. हेलिकॉप्टरमधून एडीएस-बीचे प्रसारण होत नव्हते. पण त्याहून गंभीर बाब नकाशावर होती. नदीकाठचा हेलिकॉप्टर मार्ग आणि तिथल्या एका धावपट्टीकडे उतरण्याची वाट यांच्यात काही ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचे अंतर सोडलेले होते. मार्गाचा तो भाग अपघातानंतर बंद करण्यात आला.