हृदयाची नवी झडप आणि मेंदूचें भय

जिना चढतांना धाप लागते, छातीवर दडपण येतें, क्वचित् घेरी येऊन वृद्ध मनुष्य कोसळतो, आणि घरांतील मंडळी 'वय झालें' असें म्हणून स्वस्थ बसतात. पुष्कळ वेळां हा दोष वयाचा नसून एका झडपेचा असतो. हृदयांतून शुद्ध रक्त ज्या महारोहिणींत जातें, तिच्या मुखाशीं तीन पातळ पाकळ्यांची झडप असते. उतारवयांत तिच्यावर चुन्याचे क्षार सांठतात, पाकळ्या ताठरतात, आणि दरवाजाची केवळ फट उरते.

पूर्वीं यावर खरा उपाय एकच होता. छाती उघडून, हृदयाचें काम कांहीं काळ यंत्रावर सोंपवून झडप बदलणें. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं शहरीं डॉ. आलँ क्रिबिए यांनीं छाती न उघडतां, रक्तवाहिनींतून नेलेल्या नळीच्या द्वारें नवी झडप प्रथमच बसविली. आज ही नळी बहुधा जांघेंतील रोहिणींतून वर नेतात. मिटलेली नवी झडप जागेवर उघडते व जुन्या पाकळ्यांना कडेस दाबून धरते.

त्या दाबण्यांतच भय आहे. क्षारांचा एखादा कण सुटला, महारोहिणीच्या आंतील थराचा कपचा निघाला किंवा रक्ताची गुठळी झाली, तर प्रवाह तिला मेंदूकडे नेतो. कारण मेंदूच्या रोहिण्यांचा उगम महारोहिणीच्या कमानींतच आहे. तेथें वाट अडली कीं पक्षाघात होतो. बरेचसे झटके पहिल्या कांहीं दिवसांतच येतात. पुढें येणाऱ्यांस हृदयाची अनियमित गति हेंही कारण असतें.

हे कण वाटेंतच पकडण्यासाठीं रोहिण्यांत बारीक गाळणी बसविण्याची युक्ति निघाली. गाळणींत कण खरोखर सांपडतात. परंतु झटके टळतात काय? ब्रिटनमधील ७,६३५ रोग्यांच्या चांचणीचा निकाल २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. गाळणी वापरलेल्यांत शेंकडा २.१ व न वापरलेल्यांत २.२ जणांस झटका आला, म्हणजे फरक जवळजवळ नाहींच.

औषध अधिक तर रक्षण अधिक, ही समजूतही टिकली नाहीं. रक्त पातळ ठेवण्याचें अन्य कारण नसलेल्या रोग्यांस ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिलें असतां रक्तस्राव वाढतो, असें २०२० सालच्या चांचणींत दिसलें. तो वर्षभरांत शेंकडा सुमारें २७ जणांस झाला, एकट्या ॲस्पिरिननें १५ जणांस.

मग झडप बदलूंच नये काय? २०१० सालच्या चांचणींत, शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रोग्यांपैकीं नव्या झडपेवांचून राहिलेले निम्मे वर्षभरांत दगावले. झडप बसविलेल्यांत शेंकडा सुमारें ३१. त्या आरंभींच्या काळीं नव्या झडपेबरोबर मोठे झटके अधिक येत, तरीही तराजूचें पारडें झडपेकडेच झुकलें.

म्हणून भीतीनें मागें सरूं नये व गाफीलही राहूं नये. रोगी घरीं आल्यावर तोंड वांकडें झालें, एक हात गळाला, बोलणें अडखळलें, तर 'सकाळीं पाहूं' म्हणून थांबूं नये. लक्षण दिसलें ती वेळ लिहून ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. मेंदूच्या बाबतींत गेलेलें मिनिट परत येत नाहीं.