एंजिनावरील दोन गंज

पावसाळ्याचे चार महिने ओसरीच्या कडेस उभी राहिलेली मोटारसायकल दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर काढली, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरील मालकाच्या मनात धस्स होते. एंजिनाच्या खालच्या भागावर पांढरी भुकटी फुललेली असते व सिलिंडरावर तांबूस कीट चढलेले असते. दोहोंनाही गंज हेच नाव देऊन एकाच ब्रशाने दोन्ही खरवडले जातात. घोटाळ्यास आरंभ होतो तो येथेच.

१९५५ साली मद्रासेत जिची जुळणी सुरू झाली ती जुनी बुलेट उदाहरणादाखल घ्यावी. तिचे सिलिंडर बिडाचे. माथा व क्रँककेस अल्युमिनियमची. बिडावरचा गंज सैल व सच्छिद्र असल्यामुळे त्यातून पाणी झिरपत राहते आणि कीड आत पसरते. अल्युमिनियमवर मात्र स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ पण चिवट पापुद्रा असतो व तोच त्याचे रक्षण करतो. खाऱ्या वाऱ्यातील क्लोराइड हा पापुद्रा भेदते, तेव्हा पांढरी भुकटी दिसू लागते. पोलादी बोल्ट जेथे अल्युमिनियमला भिडतात, तेथे खारे पाणी साचले की एक चिमुकली बॅटरीच तयार होते आणि तीत झीज होते ती अल्युमिनियमची.

या एंजिनास रेडिएटर नाही. सिलिंडराभोवतीच्या पात्यांवरून वाहणारा वाराच त्याची उष्णता नेतो. पात्यांमधील फटी चिखल, तेल व किटाने बुजल्या, तर तेल पातळ पडते, पिस्टन फुगतो आणि अखेर सिलिंडरात अडकून बसतो. पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर उतारू नेणाऱ्या गोव्यातील ‘पायलटां’ची मग रोजीच बुडते.

साफसफाई एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. तापलेल्या बिडावर गार पाणी पडल्यास तडा जाण्याचा संभव असतो. कार्ब्युरेटर व धुराड्याची तोंडे चिंध्यांनी बंद करावी, प्लग जागीच ठेवावा. बॅटरीची तार सोडवून, विस्तवापासून दूर, रॉकेलाने आधी चिकटा सोडवावा व मग साबणाच्या पाण्याने धुवावे. अल्युमिनियमवर पितळी तारांचाच ब्रश चालवावा. पोलादी ब्रशाचे कण त्या मऊ धातूत रुतून स्वतःच गंजू लागतात. बिडाला पोलादी ब्रश चालतो. अरुंद फटींसाठी बांबूच्या कामटीला एमरी पेपर गुंडाळला की काम भागते.

झटपट चकाकीच्या मोहाने कॉस्टिक सोडा वापरणे हा तर शुद्ध अविचार होय. त्याने काळा थर जातो खरा, पण बुडबुडे येतात ते अल्युमिनियम विरघळून निघणाऱ्या हायड्रोजनचे. वाळूच्या फवाऱ्याचीही तीच कथा: एंजिन न उघडता तो मारल्यास रेतीचे कण तेलाच्या वाटेत शिरतात व बेअरिंगे खातात.

पडलेले खड्डे घासून भरत नाहीत. भुकटी सुटून घट्ट धातू लागला की हात आवरावा. धुऊन पुसल्यावर एंजिन काही मिनिटे चालवून सुकवावे व निवल्यावर बिडावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा एकच पातळ हात द्यावा. जाड थर उष्णता कोंडतो आणि खिडक्या-दारांचा रंग तर पहिल्याच फेरीत फोड येऊन उडतो.