शाळेसाठी दूरचित्रवाणी संच : पडद्याचा आकार आणि जोडण्यांची सोय

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक प्राथमिक शाळांनी लोकवर्गणीतून दूरचित्रवाणी संच घेतले. नागभीडसारख्या धानाच्या मुलखात ही वर्गणी म्हणजे शेतकऱ्याने धानाच्या पैशातून पोटाला चिमटा घेऊन दिलेली रक्कम होय. ती सार्थकी लावणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दुकानात मात्र “किती इंची?” हा एकच प्रश्न बहुधा विचारला जातो. त्याच्या जोडीला “याला काय काय जोडता येते?” हाही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

प्रथम आकाराचा विचार करू. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे १६ इंच, तर ४३ इंचीची सुमारे २१ इंच भरते. क्षेत्रफळ मात्र जवळजवळ १.८ पट होते. पडद्यावरील मजकूर वाचावयाचा असेल तर शेवटचे मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून दूर नसावे, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार ३२ इंची संच सुमारे ८ फुटांपर्यंत, ४३ इंची साडेदहा फुटांपर्यंत व ५५ इंची साडेतेरा फुटांपर्यंत उपयोगी पडतो.

आता जोडण्या, म्हणजे संचाच्या मागील वा बाजूची पोर्ट पाहू. एचडीएमआय पोर्टातून चित्र व आवाज एकाच तारेने येतात. अशी किमान दोन पोर्ट असावीत. जुन्या लॅपटॉपला पुष्कळदा केवळ व्हीजीए असते. त्यातून चित्र येते, आवाज येत नाही. शिवाय नव्या अनेक संचांत ते पोर्टच नसते. अशा वेळी व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टर लागतो; उलट दिशेचा चालत नाही. काही सेट टॉप बॉक्सना पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन पिनांची तार असते. तिच्यासाठी काही संचांत एकच बारीक गोल छिद्र असते. त्याची जोडतार संचासोबत मिळते की नाही, हे विचारून घ्यावे. यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हमधील फाइल वाचते. मोबाइल त्यात लावला म्हणजे त्याचा पडदा टीव्हीवर दिसेल, ही समजूत चुकीची आहे.

जंगलालगतच्या गावी जेथे नेटवर्क क्षीण असते, तेथे ‘स्मार्ट’ संचातील इंटरनेटच्या सोयी पडून राहतात. तेथे पेनड्राइव्हवर आणलेले पाठ आणि डीडी फ्री डिशवरील ‘पीएम ई-विद्या’ वाहिन्या हाच खरा आधार होय, आणि दोहोंना योग्य जोडणी हवी.

मग अग्रक्रम कशाला द्यावा? पट पंधरा-वीसच्या आत असेल तर मुलांना सतरंजीवर अर्धवर्तुळात जवळ बसविता येते. तेथे ३२ इंची संच पुरतो. पैसा पुरेशा जोडण्यांकडे वळवावा. पट मोठा असेल तर आकारात काटकसर करू नये, कारण जोडणीची उणीव कन्व्हर्टरने काही अंशी भरून निघते, परंतु पडदा मागाहून वाढविता येत नाही. तथापि असे प्रत्येक साधन हरवण्याची व बिघडण्याची शक्यता असते, हे ध्यानात ठेवावे.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. शेवटच्या रांगेचे अंतर फुटपट्टीने मोजावे. शाळेत असलेल्या उपकरणांची व त्यांच्या तारांची यादी करावी. शाळेचा लॅपटॉप, तार व एक पाठ भरलेला पेनड्राइव्ह दुकानात नेऊन, संच प्रत्यक्ष चालवून पाहावा. एवढी दक्षता घेतल्यास मागे बसलेल्या मुलालाही पाठातील अक्षर वाचता येईल, आणि गावाने विश्वासाने दिलेला पैसा भिंतीवर नुसता टांगून राहणार नाही.