अंगठ्यापासून व्याजापर्यंत

कांताबाई रस्त्याकडेला बसून लोखंडाची अवजारं बनवत. पावसाळ्याआधी घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजच्या कमाईतले थोडे पैसे बँकेत ठेवावेत एवढंच त्यांचं मागणं. बँकेनं खातं उघडून दिलं नाही. रक्कम फार लहान होती.

हे घडलं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, बायकांचा दिवस मजुरीत जाणारा. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या मुंबईच्या चेतना सिन्हा लग्न करून इथं राहायला आल्या होत्या. कांताबाईंचं ऐकून त्यांनी बायकांचीच बँक काढायची ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते.

इथून पुढची हकिगत मला बँकेच्या स्थापनेहूनही मोठी वाटते. परवाना नाकारला म्हणून बायका रडत बसल्या नाहीत, त्यांनी लिहा-वाचायला शिकायचं ठरवलं. दिवसभर राबून आल्यावर त्या अक्षरं गिरवायला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्यांतल्या काहीजणी चेतनाताईंबरोबर थेट रिझर्व्ह बँकेत गेल्या. वाचता अजून नीट येत नसेल, पण व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी येतो, असं त्यांनी साहेबांना ऐकवलं. तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय व्याज काढायला सांगा आणि आम्हालाही सांगा, मग बघा! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

व्याज त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. गावोगावच्या बाजारात हातगाडीवाली सकाळी सावकाराकडून नव्वद रुपये उचलते आणि संध्याकाळी शंभर परत करते. दिवसाला शेकडा अकराच्या वर. हा हिशोब अंगावर काढलेल्या बाईला शिकवायचं असतं ते निराळंच: मालाची किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरायची, घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवायचा, कर्जाचा कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही.

बँक चालवताना शिकायची पाळी बँकेचीही आली. खात्यात पैसे भरायला यायचं तर रोज बुडतो, असं बायका म्हणाल्या, म्हणून बँकच त्यांच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. पासबुक घरी नको, नवऱ्यानं शिल्लक पाहिली की पैसे मागतो, हेही त्यांनीच सांगितलं. बचतीचं शिक्षण म्हणजे काय, ते मला या एका तक्रारीतून जितकं कळतं तितकं कुठल्याच अहवालातून कळत नाही. पैसे साठवणं तिला येतंच होतं. ते तिच्या हाती राहतील अशी सोय नव्हती.

२००६ मध्ये माणदेशी उद्योगिनी ही शाळा सुरू झाली. धंदा करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या बायकांसाठी ती आहे, शिक्षणाची अट नाही. शिलाईसारख्या कामांबरोबर हिशोब आणि बाजारही इथं शिकवतात. ज्यांना म्हसवडला येणं जमत नाही त्यांच्या गावात वर्ग बसमधून जातो. शेळ्यांचं कृत्रिम रेतन शिकून गावोगाव फिरणाऱ्या बायका इथं तयार झाल्या, आणि त्यांना लोक शेळ्यांच्या डॉक्टर म्हणतात. २००८ पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे.

हे सगळं मी सुरतजवळच्या हजीऱ्याच्या संदर्भात लिहितो आहे. तिथं तापीच्या मुखाशी खत, वायू, पोलादाचे प्रकल्प आणि बंदर एकाशेजारी एक उभे राहिले. मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, त्यामुळे अशा औद्योगिक पट्ट्यांत बायकांसाठी मोफत शिवणवर्ग, ब्युटी पार्लरचे वर्ग आता नवे नाहीत. सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात राहणाऱ्या आपल्या खानदेशी बहिणींनाही असे वर्ग हवेच आहेत.

पण मोफत म्हणजे फी नाही, एवढंच. बुडालेला रोज, रिक्षाचं भाडं, घरी ठेवलेलं तान्हं मूल यांचा खर्च शिकायला येणारी बाईच भरते. म्हणून हजीऱ्याजवळच्या सुवाली, मोरा, दामका या गावांत वर्ग भरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वेळ बायकांना विचारून ठरवा, वर्गाशेजारी पाळणाघर ठेवा, शिलाई मशीन देण्याआधी तिच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा, आणि कोर्स संपल्यावर पहिली ऑर्डर मिळेपर्यंत तिच्याबरोबर बाजारात जा.